म्हैस पुढे गेली की बाद

भाऊबीज, २००१

ही डायरी तीन वर्षांपूर्वीची आहे, एका पतपेढीनं दिलेली. छापील तारखा खोडून मी माझ्या घालणार आहे. नवी डायरी जानेवारीत मिळेल, पण तोवर थांबायला वेळ नाही. आज माझ्या हातून एक तर पराक्रम झालाय किंवा गाढवपणा, आणि नक्की काय ते जानेवारीतच कळणार आहे.

आमच्या तालमीची डोंगर शर्यत दर जानेवारीत असते. कळंब्याच्या तळ्यापासून सुटायचं, पायवाटेनं कात्यायनीच्या डोंगरावर चढायचं, वरच्या निशाणाला हात लावून परत तळ्यावर यायचं. या शर्यतीत मागच्यांसाठी घड्याळ नाही, म्हैस आहे. पूर्वी रेंगाळणारे लोक ऊन कलेपर्यंत येत राहायचे आणि सगळे आल्याशिवाय पंगत बसायची नाही. एके वर्षी आचारी भात तसाच चुलीवर टाकून घरी गेला. तेव्हा केरबा वस्तादांनी नियम केला. दिवाळीत आपल्याकडं गवळी लोक मोटरसायकलमागं म्हशी पळवतात, तशी आकाराम गवळ्याची कस्तुरी सगळ्यांच्या मागून सोडायची. पुढं सायलेन्सर काढलेल्या राजदूतवर आकाराम, मागं कस्तुरी. ती ज्याच्या पुढं गेली तो बाद. ती तळ्यावर पोचली की पंगत सुरू.

या शर्यतीचा माईक माझ्याकडं असतो. माझं लाऊडस्पीकरचं दुकान आहे म्हणून नव्हे, माझ्या जिभेमुळं. सतरा-अठरा वर्षं झाली. लोक शर्यत बघायला येत नाहीत, मला ऐकायला येतात. पहिल्या नंबराबद्दल मी दोन वाक्यं बोलतो. खरी रंगत मागच्यांना म्हैस गाठते तेव्हा असते.

गेल्या वर्षी आमचे मेव्हणे सिद्धाप्पा पळाले. हुपरीत त्यांच्या घरी चांदीचे पैंजण बनतात. कस्तुरीनं त्यांना मागं टाकल्यावर मी माईकवर म्हणालो, "हुपरीच्या पाहुण्यांनी आज घरातला सगळा माल पायात घातलाय काय? म्हैस पुढं, पैंजण मागं!" लोक लोळायचे बाकी राहिले होते. सिद्धाप्पासुद्धा हसले, म्हणून मला वाटलं विषय संपला.

आज ते भाऊबीजेला आले. विद्याश्रीनं, म्हणजे आमच्या हिनं, ओवाळलं. केरबा वस्तादही फराळाला बसले होते. चकली खाता खाता सिद्धाप्पा म्हणाले, "दाजी, औंदा माईक मला द्या आन तुमी पळा."

"मी?"

"का? त्वांडानं तर वर्षभर पळतासा."

मी काही बोलणार तेवढ्यात विद्याश्री म्हणाली, "सिद्धा, गप बस. ह्यांना जिना चढताना धाप लागतीया. मी तर धाप खालनं ऐकू आली की ताट वाढाय घेतो."

या वाक्यानं घात केला. मी वस्तादांसमोर शब्द दिला. म्हैस माझ्या पुढं गेली तर माईक कायमचा सिद्धाप्पांचा. नाही गेली तर माईक कायमचा माझा, आणि सिद्धाप्पा जन्मभर शर्यतीच्या दिवशी लाऊडस्पीकरचे भोंगे डोक्यावरून वाहतील. वस्ताद म्हणाले, "ठरलं. नियम म्हंजे नियम." आणि त्यांनी दुसरा लाडू उचलला.

१९ नोव्हेंबर, सोमवार

आज पहाटे रंकाळ्यावर पळायला सुरुवात केली आणि थोड्याच वेळात संपवली. एक गृहस्थ थांबून विचारू लागले, "पावणं, कुणाला बोलवू काय?" मी हातानं नको म्हटलं, कारण तोंडानं म्हणता येत नव्हतं.

घरी आलो तर ही गॅलरीतून भाजीवाल्याला हाक मारत होती. तो पार चौकापलीकडं गेला होता, तरी वळून आला. हिच्या आवाजाला काही मर्यादा नाही. गल्लीत कुणाचं पोर कितवीत आहे, कुणाचा गुडघा दुखतो, कुणाचं कुणाशी वाजलं, सगळं गॅलरीतून मोठ्यानं चालतं. आवाज कसा वापरावा हे मी अनेकदा समजावून सांगितलं आहे. एखाद्याला नुसता आवाज असून उपयोग नसतो.

२५ नोव्हेंबर, रविवार

एक शास्त्रीय शोध लागला. गप्प पळालो की माझा दम लगेच जातो. बोलत पळालो की टिकतो. म्हणून मी आता पळताना स्वतःचीच कॉमेंटरी करतो. "आणि शिवाजी पेठेचे मृत्युंजय शेटे, संथ पण भारदस्त चालीनं..." असं पूर्ण वाक्य एका दमात निघालं की वेग बरोबर. शब्द तुटायला लागले की वेग जास्त झाला, आवरायचं. घड्याळबिड्याळ काही लागत नाही.

आता शत्रूचा वेग कळला पाहिजे. म्हणून आकारामच्या गोठ्यावर गेलो. विचारलं, "कस्तुरी पळते किती वेगानं?"

"माझ्या गाडीच्या मागं, तिच्या मनानं," आकाराम म्हणाला. "तुमी यवा की तपोवनच्या मैदानावर. रोज सकाळी पळवतोय मी."

गेलो. राजदूत फटफटली, आकारामनं "हुर्रर्र" केलं आणि कस्तुरी माझ्या शेजारून गेली. काळी कुळकुळीत, शिंगं मागं वळलेली, अंगाला तेल. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. माझं पहिलं वाक्य अजून "शिवाजी पेठेचे" पर्यंतच आलं होतं.

२ डिसेंबर, रविवार

आठवडाभर रोज हाच अपमान. पण आज एक युक्ती सुचली. मी म्हशीइतका वेगवान होऊ शकत नाही, हे मान्य. पण म्हैस माझ्याइतकी जाड होऊ शकते.

उद्यापासून सदऱ्याच्या दोन्ही खिशांत गूळ नेणार. शिवाय सरकीची पेंड, घमेलंभर. आकारामला सांगितलं, मुक्या जनावराची सेवा करावीशी वाटते. त्याचे डोळे पाणावले. म्हणाला, "मालक, तुमच्यासारखी मानसं ऱ्हायली न्हाईत." मला किंचित कसंतरी झालं, पण माईकचा प्रश्न आहे.

११ डिसेंबर, मंगळवार

युक्ती लागू पडली! आज कस्तुरी माझ्या मागं राहिली. पुढं गेलीच नाही. मैदानाची पूर्ण फेरी मी पुढं, ती मागं. मी थांबलो तर तीही थांबली आणि माझ्या खिशाला नाक लावून फुसफुस करू लागली. चांगलीच धापा टाकत असणार. चरबीचं ओझं काही साधं नसतं.

मी वाक्यही पूर्ण केलं, "आणि काय हा थरार, मंडळी, म्हैस हतबल झाली आहे!" ती कान टवकारून ऐकत होती. बिचारीला स्वतःची निंदा कळत नाही.

घरी हिनं विचारलं, "गुळाची ढेप उंदरांनी नेली काय?" मी म्हणालो, नेली असेल. "मग उंदरांना म्हनावं, पॅन्टीच्या खिशात तरी ठेवू नका, धुताना मुंग्या निघत्यात." ही सदरा आणि पॅन्ट यांत नेहमी गोंधळ करते.

१६ डिसेंबर, रविवार

आज एक विचित्र प्रकार घडला. गल्लीत एका लग्नाचं रिसेप्शन होतं, स्पीकर आमचा, निवेदन माझं. मी नुकतंच "वधूवरांना शुभाशीर्वाद देण्यासाठी आपण सर्वांनी..." म्हणालो आणि मंडपात एकदम पळापळ झाली. कस्तुरी! दावं तोडून, दोन गल्ल्या ओलांडून, मंडपाच्या दारातून सरळ आत. एका वऱ्हाड्याच्या ताटातली जिलेबी तिला सहज खाता आली असती, पण तिनं ती बघितलीच नाही. सरळ येऊन माझ्या मोठ्या स्पीकरसमोर उभी राहिली आणि डोळे मिटले.

जनावर दिव्यांना भुलतं, असं मी सगळ्यांना समजावलं. आकाराम तिला ओढून न्यायला लागला तर ती हलेना. शेवटी मी माईक ठेवून गोठ्यापर्यंत सोबत गेलो. विद्याश्रीनं तोवर माईक घेऊन लोकांना जेवायला बसवलं. परत आलो तर पंगत हसत होती. कशाला हसत होती कुणास ठाऊक.

२८ डिसेंबर, शुक्रवार

आकाराम काळजीत आहे. कस्तुरी गाडीमागं पळत नाही. राजदूत कितीही फटफटवली तरी ढिम्म. मी मैदानावर आलो की मगच पाय उचलते. त्यानं प्लग बदलला, नवा हॉर्न बसवला. शेवटी जनावरांच्या डॉक्टरला दाखवलं.

डॉक्टरनं तपासून सांगितलं, "म्हशीला काही झालेलं नाही. हिला कुणाची तरी सवय लागलीय." आकाराम माझ्याकडं बघू लागला. मी डॉक्टरला म्हणालो, "पेंड जास्त झाली असेल." डॉक्टर म्हणाले, "झालीय की. पण दूधही वाढलंय."

आजकालच्या डॉक्टरांना निदान करता येत नाही. म्हैस सरळसरळ जाड होऊन आळशी झालीय, आणि हेच मला हवं होतं. तरी तिला काही अपाय झाला नसावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. स्वभावानं ती वाईट नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

सिद्धाप्पा तिळगूळ घेऊन आले, सोबत एक भेटही. कस्तुरीसाठी घुंगरांचा तोडा! चांदीचा मुलामा, एकेक घुंगरू बोराएवढं.

"दाजी, तुमाला मागनं यायचं कळावं म्हणून मुद्दाम केलोय," ते म्हणाले. "नाव तुमचं मृत्युंजय हाय. यमाचा रेडा असता तर मी पैज लावलो नसतो. ही म्हैस हाय."

मग त्यांनी माईकची तालीम केली. मी मुद्दाम ऐकत बसलो. माणूस घरात दणादण बोलतो, पण हातात माईक दिला की आवाज पोटात जातो. "हॅलो" म्हणाले, "हॅलो" म्हणाले, मग घाम पुसला. विद्याश्री म्हणाली, "असं न्हवं सिद्धा. समोर मानूस उभा हाय समज, त्याला हाक मार." आणि करून दाखवलं, माईक न घेता. पलीकडच्या गल्लीतून कुणीतरी "ओ" दिली.

मी फार हसलो. पैज हरलो तरी सिद्धाप्पा एका वर्षात माईक परत करतील. पण मला परत मिळालेला माईक नको आहे. माझं सगळं नाव त्या माईकवर आहे. दुकान कुणीही चालवेल. शर्यतीच्या दिवशी मी तळ्यावर नुसता उभा राहिलो, तर मला कोण ओळखेल, हा विचार आला आणि मी हातातला तिळगूळ परत वाटीत ठेवला.

१९ जानेवारी, शनिवार

उद्या शर्यत. चारही भोंगे मी स्वतः तळ्यावर लावून आलो, दोन तळ्याकडं आणि दोन डोंगराकडं. निदान सिद्धाप्पांचं "हॅलो" मला वरपर्यंत ऐकू येईल.

धोरण असं ठरलं आहे. पहिल्या बाभळीपर्यंत पूर्ण वाक्यं. चढावर अर्धी वाक्यं. निशाणानंतर उतारावर पुन्हा पूर्ण. खिशांत गूळ, वाटेत गरज पडली तर म्हशीपुढं टाकायला. घरी हिला विचारलं, उद्या येणार का. म्हणाली, "म्हैस बगाय तरी येतोच की."

२० जानेवारी, रविवार

हात दुखतोय, पाय दुखतात, पण लिहिणार.

साठेक जण पळाले. पहिल्या बाभळीपाशीच मी सगळ्यात मागं होतो. एक पूर्ण वाक्यसुद्धा निघालं नाही. सगळं धोरण त्या बाभळीखाली सोडून पुढं गेलो.

म्हैस कधी सोडायची याची एक प्रथा आहे. वस्ताद तळ्यावरच्या टपरीत मिसळ खातात. मिसळ संपली की म्हैस सुटते. मी टपरीवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं की वस्तादांना रस्सा कमी पडू देऊ नका. त्यानं इमानदारीनं वाढलाही. म्हणूनच मी चढापर्यंत पोचलो.

चढावर भोंग्यातून सिद्धाप्पांचा आवाज आला. "हॅलो." थोड्या वेळानं पुन्हा, "हॅलो." मग बराच वेळ काही नाही. इतक्या दमातही मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आणि मग एकदम दुसराच आवाज.

"दे हिकडं! हं, मंडळी, ऐका! निळ्या बनियनमधला तो सुतारांचा थोरला. काल ह्याचं प्वाट बिघडलेलं, तरी पळतोय, टाळ्या वाजवा की! आन त्याच्या मागं कोन? अरे, दहावीला दोनदा बसला म्हणून काय झालं, डोंगर एका दमात चढलाय गडी!"

विद्याश्री! माझ्या भोंग्यांतून, माझ्याच माईकवर!

ती प्रत्येकाला नावानं ओळखत होती. कुणाची आई कुठं उभी आहे ते सांगत होती. शेवटून दुसऱ्याला म्हणाली, "भावा, घाई करू नगंस, भात अजून शिजतोय." ही पद्धत साफ चुकीची आहे. मागच्याला धीर द्यायचा नसतो, त्याच्यावर लोकांना हसवायचं असतं. पण लोक हसत होते. टाळ्याही वाजत होत्या. डोंगरापर्यंत ऐकू येत होत्या. माझ्या वेळी टाळ्या वाजत होत्या का, हे मी वाटेत आठवून बघितलं.

तेवढ्यात मागून घुंगरं वाजली.

वळून बघतो तर कस्तुरी एकटी! राजदूत पुढं नव्हतीच. कस्तुरी डोंगरावर उधळली होती आणि आकाराम खाली मागून ओरडत गाडी आणत होता. म्हैस पुढं आणि राजदूत मागं, असं कोल्हापुरात पहिल्यांदाच झालं असेल. माझं सगळं संपलं असं वाटून मी डोळे मिटले. घुंगरं जवळ आली, आणखी जवळ आली आणि थांबली. माझ्या खिशाला ओलं नाक लागलं.

मी गूळ दिला. चालू लागलो तर ती मागून. पळालो तर मागून पळत. निशाणाला हात लावला, वळलो, तर तीही वळली. ती पुढं जातच नव्हती! गुळानं तिची ताकद गेली होती, दुसरं काय?

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हैस पुढं जात नाही, तोवर मी बाद नाही. मग पळायचं कशाला? मी एका दगडावर बसलो. कस्तुरीही बसली आणि रवंथ करू लागली. खाली अख्खं तळं दिसत होतं. फार बरं वाटलं.

आकाराम आला. "अवो शेटे, उठा की!"

"म्हैस माझ्या पुढं गेली का?"

"न्हाय."

"मग मी बाद नाही. नियम म्हंजे नियम."

त्यानं गाडी फटफटवली, हुर्रर्र केलं, हॉर्न वाजवला. कस्तुरीनं एक कान हलवला. तो हताश होऊन आमच्या शेजारी बसला. मी त्यालाही गूळ दिला.

किती वेळ बसलो माहीत नाही. मग भोंगे बोलले. "शेटे मालक! म्हशीला घेऊन उठा! म्हैस आल्याबिगर पंगत बसत न्हाय, हे तुमालाच ठावं हाय. सगळी गल्ली उपाशी हाय. वस्तादांना परत भूक लागलीया. आन दूध काढायची येळ झाली, त्या मुक्या जनावराचं तरी बगा!"

या शेवटच्या वाक्यानं मी उठलो.

उतारावर शेवटचा गूळ संपला. त्यानंतर कस्तुरी जवळ जवळ सरकू लागली. बांधापाशी तिचं शिंग माझ्या कोपराला लागलं. घुंगरं माझ्या मागून नव्हे, शेजारून वाजायला लागली. समोर तळं, शेवटाची दोरी, माणसं. दहा-वीस ढांगांसाठी माईक जाणार! मी घाबरून वाट्टेल ते बडबडू लागलो. "आणि मृत्युंजय शेटे अजूनही पुढं... मंडळी, काय हा... कस्तुरी मागं... कस्तुरी..." आणि आश्चर्य म्हणजे ती खरंच मागं झाली. मी बोलतोय तोवर ती मागं, कान पुढं करून. दम घ्यायला गप्प झालो की शिंग पुन्हा शेजारी. म्हणून दम न घेता बोललो. शेवटी "आणि... आणि... आणि..." एवढंच निघत होतं. माझ्या कॉमेंटरीचा दरारा जनावरालाही वाटतो, हे आज सिद्ध झालं.

दोरीपाशी विद्याश्रीचा आवाज आला, "आमचं मालक येत्यात हो. जरा जोरात वाजवा टाळ्या. घरात त्यांना कुणी वाजवत न्हाय."

सगळं तळं वाजवू लागलं. एक नाकभर अंतर राखून मी दोरी ओलांडली आणि गवतात आडवा झालो. इतकं बरं मला माईकवरून कधीच वाटलं नव्हतं. कबूल करायला लाज वाटते, पण डायरीत लिहायला हरकत नाही.

वस्तादांनी हात वर केला. "म्हैस मागं. शेटे बाद न्हाईत. माईक त्यांचा." मग सगळे जेवायला धावले, आणि त्यांचा वेग शर्यतीतल्यापेक्षा जास्त होता.

२२ जानेवारी, मंगळवार

तालमीत बैठक झाली. मला वाटलं माझा सत्कार आहे, म्हणून इस्त्रीचा सदरा घातला.

आकारामनं तक्रार मांडली. कस्तुरी गाडीमागं आता अजिबात जात नाही. सगळे तपोवनला गेले. त्यानं राजदूत सुरू केली, मैदानाला फेरी मारून आला. कस्तुरी जागची हलली नाही. वस्ताद मला म्हणाले, "शेटे, जरा चाला." मी चाललो, ती चालली. "पळा." मी पळालो, ती पळाली. "बोला कायतरी." मी "मंडळी" म्हणालो आणि तिनं डोळे मिटले. तालमीची पोरं जमिनीवर बसून हसत होती.

वस्ताद गंभीर झाले. "म्हशीबिगर शर्यत न्हाय. आन म्हैस पळती ती ह्यांच्याच मागं. तवा फुडल्या वर्षापासनं समद्यांच्या शेवटी शेटे पळणार, त्यांच्या मागं म्हैस. दरवर्षी."

मी म्हणालो, "आणि माईक? मी जिंकलोय."

"जिंकलासा की. माईक तुमचाच. पर डोंगरावर पळत माईक कसा धरशिला? कुनाला तरी सांभाळाय द्या."

मी तोंड उघडण्याआधी सगळी तालीम ओरडली, "वहिनी!" मी सिद्धाप्पांकडं बघितलं. ते हसत म्हणाले, "दाजी, भोंगं डोक्यावरनं न्यायचं मी कबूल केलोय, नेतो. त्यातनं कुनी बोलायचं, हे कुठं ठरलंतं? अक्काचा आवाज म्हंजे नाद खुळा!"

म्हणजे मी पैज जिंकली, म्हशीला हरवलं, माईक माझा झाला आणि तो घरातच आहे. फक्त माझ्या हातात नाही. कुठं चूक झाली ते मी परत परत तपासलं. गुळापर्यंत येतो आणि तिथं अडतो.

रात्री मी ताटाकडंच बघून जेवलो. विद्याश्रीनं दोनदा भाकरी वाढली. मग म्हणाली, "रागावलासा व्हय? माईक पाहिजे तर घ्या. मी वस्तादांना सांगतो." तिचा आवाज एवढा हळू मी पहिल्यांदाच ऐकला. मी म्हणालो, "नको. तू सुतारांच्या थोरल्याचं जे बोललीस ना, ते चांगलं होतं." आणि आणखी एक भाकरी मागितली.

२७ जानेवारी, रविवार

आता पळायची गरज नाही. शर्यतीला वर्ष आहे. पाच दिवस पांघरुणातच राहिलो. आज सकाळी आकारामचा निरोप आला, कस्तुरी नीट दूध देत नाही, दाराकडं बघून उभी असते.

म्हणून गेलो. रुसलेलोच होतो. कॉमेंटरी केली नाही. "मंडळी" सुद्धा म्हणालो नाही. गप्प तोंडानं गोठ्यावरून निघालो, तपोवनला फेरी मारली आणि वळलो. घुंगरं मागून येत होती, एकाच तालात. मी थांबलो तर थांबली, निघालो तर निघाली. गप्प असूनही दम गेला नाही, हे विशेष.

परतताना आमच्या गल्लीतून आलो. विद्याश्री गॅलरीत होती. भाजीवाला, दूधवाले, शाळेची पोरं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "आन हे आलं बगा आमचं मालक, फुडं शेटे, मागं कस्तुरी, वाट द्या की रं!" पोरं बाजूला झाली. मी जरा छाती काढून पळालो. बघणारे असले की पळावं लागतं.

गोठ्यात तिला बांधलं. सवयीनं तिनं माझ्या खिशात नाक घातलं, तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आज खिशात गूळ नव्हता. घरून निघतानाच नव्हता. घ्यायचा विसरलो होतो.

उद्या लवकर जाईन.